नुसता डोक्याला ताप

मागच्या महिन्यात पुण्यात एका पंपावर रांगेत होतो आणि पुढं चक्क पद्मिनी उभी, जुनी फियाट गाडी. क्रीम कलर, बंपरचं क्रोम असं घासलेलं की त्यात मागच्या चार गाड्या दिसत होत्या, आणि पुढच्या दारांना त्या छोट्या तिकोनी काचा, ज्या उघडल्या की वारा थेट मानेवर यायचा. पंपावरचं पोरगं वीस-बावीस वर्षांचं असेल, ते गाडीभोवती एक चक्कर मारून आलं आणि मालकाला म्हणालं, काका टाकी कुठंय हिची? रांगेतले सगळे हसले. मी गाडीतनं उतरून फोटो काढला आणि तिथंच उभ्या उभ्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, पाठवून दिला. आमच्याकडं अशीच होती ना, रंग तेवढा वेगळा. मला वाटलं आप्पा खूश होतील, लगेच फोन करतील, मग अर्धा तास खंबाटकी घाट आणि फॅन बेल्टच्या गोष्टी निघतील. संध्याकाळपर्यंत काहीच नाही. रात्री जेवताना व्हॉइस मेसेज आला, आप्पा टायपिंगच्या भानगडीत पडत नाहीत. "चांगली ठेवलीय. पण नुसता डोक्याला ताप होती रे ती."

बास, एवढंच.

आता यात लागण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण ते वाक्य डोक्यातनं जाईना. कारण माझ्या लहानपणातली सगळ्यात भारी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी बिनधास्त सांगेन, आप्पांची फियाट आणि कराडच्या हायवेवरचा पंप. आणि ज्या माणसानं ती गाडी चालवली, तिच्याखाली पाठ टेकून झोपला, तिच्यात पेट्रोल घातलं, तो म्हणतोय डोक्याला ताप. मग मी एवढी वर्षं जपून ठेवलंय ते नक्की काय?

आप्पा विम्यात होते, डेव्हलपमेंट ऑफिसर. पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, इकडं इस्लामपूरपर्यंत फिरती. आधी स्कूटर होती, मग कधीतरी एका डॉक्टरांची वापरलेली पद्मिनी घेतली, फिकट निळी. नवीन घ्यायची तर पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. गाडीचं नाव पद्मिनी असलं तरी घरात, गावात सगळे फियाटच म्हणायचे. त्याच्या आधीची जी गोलमटोल फियाट होती, जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, तिला तर लोक डुक्कर फियाट म्हणायचे आणि ते प्रेमानं म्हणायचे, त्यात शिवी नव्हती. आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला, त्यामुळं पुढं सलग सीट. आई, तिच्या मांडीवर धाकटा, मधे आजी, आणि आजीच्या गुडघ्याला लागणार नाही अशा बेतानं आप्पा गिअर टाकणार. मागं मी, ताई, आत्याची पोरं, आणि पायाशी एक पाण्याचा कॅन. तो कॅन आमच्यासाठी नसायचा, रेडिएटरसाठी असायचा.

पंप आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आप्पा त्याला बर्मा शेलचा पंप म्हणायचे. बर्मा शेल सरकारनं १९७६ सालीच ताब्यात घेतली, पुढं तिचं भारत पेट्रोलियम झालं, बोर्ड बदलला, रंग बदलला, पण आप्पांच्या तोंडात बर्मा शेलच. तसंच नाक्यापलीकडचा तो एस्सोचा, जो १९७४ पासून हिंदुस्तान पेट्रोलियमचा होता. माझा तर जन्मसुद्धा त्यानंतरचा, तरी मीपण शाळेत पत्ता सांगताना एस्सोच्या पंपामागं असंच सांगायचो आणि समोरच्याला बरोबर कळायचं. डोक्यावर छत-बित नाही, एक कडुनिंब, त्याच्या सावलीत दोन मशीन, आणि मागं पत्र्याची केबिन. केबिनच्या भिंतीला खुंटीवर लाल बादल्या टांगलेल्या, वाळू भरलेल्या, आग लागली तर म्हणून. त्या वाळूत विड्यांची थोटकं असायची. पेट्रोल पंपावर! आज विचार केला तरी अंगावर काटा येतो, तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मशीन म्हणजे आकड्यांचं. स्क्रीन नाही, फिरणारी चाकं, त्यावर पांढरे आकडे. बाजूला एक दांडा असायचा, पंपावरचे मामा तो गर्रकन फिरवायचे की खर्रर्र आवाज करत सगळे आकडे पळत शून्यावर यायचे, आणि मला तो आवाज इतका आवडायचा की मी घरी तोंडानं काढत बसायचो. मग नोझल टाकीत, आणि आकडे सरकायला लागले की आतून टक टक टक. आप्पा कधीही गाडीत बसून राहायचे नाहीत. उतरायचे, एक हात टपावर, आणि नजर त्या आकड्यांवर. मामा म्हणायचे, झिरो बघा साहेब, आणि आप्पा खरंच बघायचे. आम्ही मागच्या काचेला नाक लावून. तो वास आत यायचा, पेट्रोलचा, त्यात तापलेल्या रेक्झीनचा, आणि हवा भरायच्या कॉम्प्रेसरपाशी सांडलेल्या ऑइलचा. मला तो वास अजून आवडतो, आणि हे मी कुणाला सहसा सांगत नाही, कारण आता माहितीय त्यात काय काय होतं. बेंझीन होतं, आणि त्या काळच्या पेट्रोलमधे शिसं घालायचे, ते देशभरातून बंद झालं २००० च्या फेब्रुवारीत. म्हणजे आमचं अख्खं बालपण आम्ही खिडकीतनं डोकं बाहेर काढून शिसं ओढत होतो आणि वर म्हणत होतो, काय मस्त वास आहे.

सकाळी लवकर गेलं तर अजून एक गंमत बघायला मिळायची. मामा जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडायचे आणि त्यात एक लांबलचक पितळी पट्टी सोडायचे, तिच्यावर खुणा कोरलेल्या. खाली टेकली की हळूच वर घ्यायची आणि ओलं कुठपर्यंत आहे ते बघायचं, तेवढं पेट्रोल शिल्लक. पट्टीच्या टोकाला कसलीशी पेस्ट लावायचे, तळाला पाणी असेल तर तिचा रंग बदलायचा. मामा दुसरीपर्यंत शिकलेले पण ती पट्टी वाचून मनातल्या मनात हिशेब करून वहीत आकडा लिहायचे. मला मोठेपणी तेच व्हायचं होतं.

आणि आप्पा काय म्हणायचे माहितीय? टाकी फुल कर असं एकदाही नाही. "पन्नासचं टाक." महिनाअखेरीला "तीसचं टाक." लिटर किती आलं हे आम्हाला कधी माहीतच नसायचं, गाडी रुपयांवर चालायची. पंपाच्या शेठकडं आप्पांचं खातं होतं, लाल कापडाच्या बांधणीची वही, कमिशन आलं की वजा व्हायचं. ते कमिशन कधी उशिरा आलं की आप्पा आम्हाला घेऊन एस्सोच्या पंपावर जायचे. मला वाटायचं चेंज म्हणून जातोय. ताई मोठी, तिला कळायचं.

आता आप्पा ताप कशाला म्हणाले ते थोडं थोडं लागायला लागतं. उन्हाळ्यात पुण्याला निघालो की खंबाटकीत गाडी तापणार हे ठरलेलं. तेव्हा बोगदा नव्हता, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना तोच एक घाट, आणि वळणावळणाला बॉनेट उघडून उभ्या फियाटी, अँबॅसिडर, एखादा ट्रक. नुसतं पाणी उकळलं तर बरं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, कॅन ओतायचा. पण कधी कधी इंजिनाच्या गरमीनं पेट्रोलचीच वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ओढत बसायचा आणि कार्बोरेटरला पेट्रोलच मिळायचं नाही. मग इलाज म्हणजे ओलं फडकं. आईच्या जुन्या साडीचा तुकडा डिकीत कायम असायचा, तो भिजवून आप्पा त्या छोट्या पंपाला गुंडाळायचे आणि आम्हाला सांगायचे, कुणी बोलू नका. का बोलू नका ते कधीच कळलं नाही, पण आम्ही चिडीचूप. आम्ही खरंतर खूश असायचो, घाटातल्या दगडांवर बसून शेंगा खायच्या, खाली दिसणाऱ्या गाड्या मोजायच्या. आप्पांचा शर्ट पाठीला चिकटलेला, हात काळे, आणि दुपारी पुण्यात ऑफिसात मिटींग. दोन वेगळ्याच सहली चालू होत्या एका गाडीत.

आमच्या भावकीतले एक चुलते कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते. वालचंद हिराचंद म्हणजे आपल्या सोलापूरचे, त्यांनी १९४४ मधे ही कंपनी काढली. फियाट ११०० बनायला लागली तिथं, तिचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन, आणि तेच थोडंफार फेरफार करून २००० च्या आसपासपर्यंत चाललं. जगात कुठं काय काय बदललं आणि आपण पस्तीस-चाळीस वर्षं एकाच बोनेटखाली डोकं घालून. असो. तर ते चुलते पेंट शॉपला. सुट्टीत गावी आले की आमची गाडी बघायचे, बोटानं दारावर रंगाचा पोत तपासायचे आणि म्हणायचे, हा आमचा रंग नाही, मारून घेतलाय. बरोबर असायचं त्यांचं. गावी यायचे मात्र एसटीनं, लाल डब्यानं, परळहून रात्रीची. कामगार नेते दत्ता सामंतांच्या संपाच्या काळात तर म्हणे बरेच महिने गावीच येऊन राहिले होते. रोज एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, पण स्वतःची म्हणून एकीतही बसले नाहीत. त्यांना मी कधी विचारलं नाही की काका तुम्हाला फियाट आवडते का. आता विचारायला ते नाहीत.

मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. तेव्हा काय लाट आली होती आठवतंय? प्रत्येकाचा एक फोटो, प्रत्येकाची एक आठवण, ते छताचं फुलाफुलांचं कापड, बाहेर लावलेलं मीटर, त्याचा दांडा खाली पाडला की होणारा आवाज, टपावरचं कॅरिअर आणि त्यावर गावाला जायच्या बॅगा. मीही दोन परिच्छेद लिहिले होते, बरे लाईक पडले. पण त्या सगळ्या आठवणी नीट वाचल्या तर एक गोष्ट दिसते, लिहिणारे सगळे मागच्या सीटवरचे. ज्यानं बारा-बारा तास पॉवर स्टिअरिंग नसलेली ती गाडी मुंबईच्या ट्रॅफिकमधे ओढली त्याचे खांदे काय म्हणतात, हे त्यात कुठं नव्हतं. त्या दिवसांत एका टॅक्सीवाल्या चाचांना मी मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, पद्मिनी गेली, वाईट वाटत असेल ना. ते आरशात बघून म्हणाले, साहब, इसमें एसी है.

म्हणजे आप्पा एकटे नाहीत.

पंपांचंही तेच. जुना पंप म्हणजे मामा, कडुनिंब आणि विश्वास, असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण आप्पा झिरो उगाच बघायचे नाहीत. माप मारायचे लोक, भेसळ करायचे, रेशनचं निळं रॉकेल कुठं कुठं जायचं हे सगळ्या तालुक्याला माहीत असायचं. या भेसळीच्या धंद्यानं पुढं काय रूप घेतलं ते आपण २०११ च्या जानेवारीत बघितलं, मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना भेसळ पकडायला गेले म्हणून जिवंत जाळलं. त्याच्यानंतर पंपाच्या त्या वासाबद्दल हळवं होऊन लिहिताना हात जरा अडखळतो, अडखळायलाच पाहिजे. आणि आज सगळं स्वच्छ आहे असंही नाही, मशीनमधे चिप बसवून माप मारणारे ठाण्याच्या पोलिसांनी २०१७ मधे पकडलेच की. म्हणून तर लोक अजून शंभरऐवजी एकशेदहाचं टाका म्हणतात. आप्पांचा संशय आपल्यात उतरलाय, फक्त आपण गाडीतनं उतरत नाही. मी काच खाली करतो, पोरगं म्हणतं झिरो बघा सर, मी मान हलवतो, बघत काहीच नाही, स्कॅन करतो, खोक्यातली बाई मोठ्यांदा सांगते किती रुपये मिळाले, आणि मी निघतो.

खरं सांगायचं तर माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते आणि तिच्याशी बोलताना मला आपल्या पंपांचं थोडं कौतुक वाटतं. अमेरिकेत जवळपास सगळीकडं ज्यानं त्यानं उतरून आपलं आपण भरायचं, पण न्यू जर्सीत १९४९ पासून कायद्यानं ते पंपावरच्या माणसानंच भरायचं. ती म्हणते, लग्न करून आले तेव्हा वाटलं काय आपल्यासारखाच देश आहे, मग पहिल्यांदा शेजारच्या राज्यात गेले आणि नोझल हातात धरून रडायचीच बाकी राहिले. तिकडच्या लोकांना म्हणे जुन्या पंपाचं दुःख असतं ते काच पुसून देणारा, ऑइल बघणारा माणूस गेला त्याचं. आपला माणूस अजून आहे. आपलं दुःख वेगळं आहे, किंवा माझं तरी.

मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? भाववाढीची रात्र. तेव्हा पेट्रोलचा भाव सरकार ठरवायचं आणि वाढला की बातम्यांमधे सांगायचे, आज मध्यरात्रीपासून. झालं, जेवण अर्धवट टाकून आप्पा चप्पल घालणार, आणि मी मागं. पंपावर अर्धं कराड. स्कूटरी, लुना, जीपा, एक-दोघांच्या हातात नुसतेच कॅन. स्कूटरवाले वाकडी करून बघतायत किती मावेल अजून, बायकोला घेऊन आलेले, दुकान अर्धं बंद करून आलेले, आणि रांगेत नुसता राजकारणाचा अड्डा. कुणीतरी हमखास १९७३ काढायचं, तेव्हा वाजपेयी बैलगाडीतनं संसदेत गेले होते तसं आपणपण बैलगाडीच घेऊ म्हणून हशा. शेंगदाणेवाला बरोबर हजर. आप्पा घरी गप्प माणूस, पण त्या रांगेत बोलायचे, हसायचे, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून. वाचवायचे किती, तर टाकीभर भरून वीस-तीस रुपये. पण त्या रात्री फियाटची टाकी फुल व्हायची, तेवढ्याच रात्री. २०१७ च्या जूनपासून भाव रोजच्या रोज बदलायला लागला, पैशापैशानं. त्यामुळं आता मध्यरात्र नाही आणि रांगही नाही. शंभरी कधी ओलांडली ते मला बोर्ड बघून कळलं.

शेवटी न राहवून आप्पांना फोन केलाच. म्हणलं, खरंच तुम्हाला त्या गाडीचं काहीच वाटत नाही? आप्पा म्हणाले, "अरे, काय वाटायचं? महिन्याला काहीतरी निघायचंच तिचं. एकदा पॉइंट, एकदा डायनॅमो, एकदा फॅन बेल्ट. पेट्रोल तर अशी प्यायची, जीव घ्यायची. मारुती आली त्या दिवशी मी शांत झोपलो." मागनं आईचा आवाज, "माझी चांगली साडी फाडली होती हो घाटात, जुनी म्हणून!" आप्पांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग म्हणाले, "आणि आता तर पेट्रोलमधे उसाचं इथेनॉल घालतायत वीस टक्के. जुन्या गाडीची रबरं टिकत नाहीत त्याला. हौसेनं ठेवलीय त्यानं, पण होज बदलून घ्यायला पाहिजेत." मी म्हणलं बघा, काळजी आहे म्हणजे. ते म्हणाले, काळजी नाही रे, माहितीय म्हणून सांगितलं. विषय संपला, मग गुडघ्याचं निघालं.

मला वाटतं ते खरंच बोलत होते. त्यात दडलेलं प्रेम वगैरे शोधायला मी आता जात नाही. पद्मिनी मला आवडते कारण तिचा हप्ता मी भरला नाही, आणि पंप आवडतो कारण त्या फिरणाऱ्या आकड्यांकडं मी गंमत म्हणून बघायचो, आप्पा खिशाच्या हिशेबानं. एवढं साधं आहे, आणि हे कळल्यानं ती आठवण काही कमी गोड झाली नाही, उलट जरा लाजल्यासारखं होऊन अजूनच चिकटली.

दिवाळीत मेव्हण्याच्या इलेक्ट्रिक गाडीतून कोल्हापूरला जात होतो. साताऱ्याच्या पुढं चार्जिंगला थांबलो तर गन दोन आणि गाड्या पाच. मेव्हणा वैतागलेला, फोनवर दुसरा चार्जर शोधतोय, ॲपमधे चालू दाखवतोय पण गेल्यावर बंद निघतो म्हणून शिव्या घालतोय. माझी पोरगी मात्र उतरून शेजारच्या गाडीतल्या मुलांबरोबर कुठल्यातरी कुत्र्याच्या पिल्लाच्या मागं पळाली, मला वाटतं तासभर तिनं मोबाईल मागितलाच नाही. एक काकू आपला चिवड्याचा डबा उघडून सगळ्यांना वाटत होत्या. आणि एक सांगलीचे गृहस्थ, ओळख ना पाळख, मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होते, "घाट चढताना एसी बंद ठेवायचा. उतरताना पाय काढून घ्यायचा, ब्रेक मारायचा नाही, आपोआप चार्ज होती. ॲव्हरेज किती देती तुमची?" मेव्हण्यानं तोंड वाकडं करून सांगितलं, ते सांगितल्यापेक्षा तीस-चाळीस किलोमीटर कमीच देती. "आमचीपण," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.